फळविण्यापूर्वीं कालवडीचा खुराक

वऱ्हाडांत बैलाच्या पुढें सरकी पडते, कडब्याची पेंढी पडते, पोळ्याला पुरणपोळीचा घासही पडतो. दुभत्या म्हशीला ढेप मिळते, कारण ती सायंकाळीं तिचा मोबदला देते. या दोघांच्या मध्यें जी दीड-दोन वर्षांची कालवड दाव्याला उभी असते तिच्या वांट्यास मात्र गव्हाणींतील उरलेलें कुटार आणि गुराख्यामागची रानांतील भटकंती एवढेंच येतें. ती आज कांहीं देत नाहीं, म्हणून तिला आज कांहीं द्यावयाचें नाहीं, असा हा हिशेब आहे. महसूल खात्यांत उभा जन्म आंकडे मांडण्यांत गेल्यामुळें आम्हांस कोणताही हिशेब एका बाजूनें मांडलेला दिसला कीं दुसरी बाजू शोधण्याची खोड जडली आहे. या कालवडीच्या हिशेबाची दुसरी बाजू आज वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

आमच्या बुलढाणें जिल्ह्यांत गाय मुख्यतः बैलाकरितां पाळली गेली. जुन्या गॅझेटियरांत वऱ्हाडी गुरांचे खामगावी व उमरडा असे दोन प्रकार नोंदलेले आहेत. पहिलीं अंगानें मोठीं, दुसरीं लहान. दोहोंचीही कीर्ति बैलांची, दुधाची नव्हे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांत मांसाकरितां गुरें पाळणाऱ्या लोकांच्या लिखाणांत कालवडींच्या खुराकाविषयीं फार बारीक विचार केलेला आढळतो. आपल्या राज्यांत १९७६ च्या कायद्यानें गाईची व २०१५ पासून बैलाचीही हत्या बंद आहे. तेव्हां त्यांचा धंदा तो आपला नव्हे. परंतु एका बाबतींत त्यांची गाय व आपली गाय यांची स्थिति सारखीच आहे. दोघीही कुरणावर चरून पोट भरतात, दोघींचेंही दूध बहुतेक वासरूंच पितें, आणि दोघींपासून धन्यास मिळणारें मुख्य उत्पन्न म्हणजे दरसाल एक धडधाकट वासरूं. म्हणून त्यांनीं मोजून-मापून जें काढलें आहे तें आपल्या गोठ्यास लावून पाहण्यास हरकत नाहीं.

१९२६ सालीं नेमलेल्या शेतकी विषयक रॉयल कमिशननें १९२८ मध्यें आपला अहवाल दिला. त्यांत हिंदुस्थानांतील गुरांविषयीं एक दुष्टचक्र दाखविलें आहे: गाईस चारा कमी, म्हणून वासरें कमी व दुबळीं, वासरें दुबळीं, म्हणून कामास पुरेसे बैल मिळावेत या आशेनें गाईंची संख्या जास्त, आणि संख्या जास्त, म्हणून प्रत्येकीच्या वांट्यास चारा आणखी कमी. हें चक्र आज तुटलें आहे असें म्हणवत नाहीं. गांवोगांवच्या ई-क्लास जमिनी, ज्यांवर गांवचीं गुरें चरावयाचीं, त्या कोठें अतिक्रमणांत तर कोठें इतर कामांत गेल्या. ज्या शिल्लक आहेत त्यांवर पावसाळा सरतांच काडी उरत नाहीं. ज्वारीच्या जागीं सोयाबीन आल्यापासून कडब्याची गंज पाहण्यासही चिखली-मेहकरच्या पठारावर दूर जावें लागतें. सोयाबीनचें कुटार पुष्कळ निघतें खरें. पण कापणीपूर्वींच पानें गळून गेलेलीं असल्यामुळें तें बहुतेक देंठ व शेंगांचें टरफलच असतें.

आतां कालवड माजावर केव्हां येते हा मूळ प्रश्न घेऊं. आपल्याकडे "वय झालें कीं येईल" असें म्हणतात. वयाशीं संबंध आहे, नाहीं असें नाहीं. परंतु त्याहून जवळचा संबंध वजनाशीं आहे. पूर्ण वाढलेल्या गाईचें त्या जातींत जेवढें वजन भरतें, त्याच्या शेंकडा ६० ते ६५ इतकें वजन झालें म्हणजे कालवड फळविण्यास योग्य झाली असें समजतात. आपली गांवठी गाय सुमारें २८० किलो भरते असें धरलें, तर कालवड १७० ते १८० किलो भरली पाहिजे. संकरित गाय ४०० किलोची असेल तर तिची कालवड २४० ते २६० किलोची हवी. अमेरिकेंतील नेब्रास्का प्रांतांत २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शेंकडा ५३ वजनावर फळविलेल्या कालवडीही शेंकडा ५८ वाल्यांच्या बरोबरीनें गाभण राहिल्या व खर्च कमी आला, असें दिसून आलें. पण हा दाखला वाचून कोणी घाई करूं नये. तीं गुरें विलायती वंशाचीं, लवकर वयांत येणारीं. आपलीं वशिंडवालीं गुरें मुळांत उशिरा वयांत येतात. आपण साठ-पासष्टच्या खालीं उतरूं नये हें बरें.

वजनावर माज अवलंबून कां असावा हें महसुलाच्या भाषेंत सांगतों. जमिनीवर सरकारी सारा हा पहिला बोजा असतो. सावकाराचें कर्ज त्याच्या मागून. त्याप्रमाणें खाल्लेल्या अन्नावर पहिला हक्क शरीररक्षणाचा, म्हणजे श्वास, चालणें, अंगांतील ऊब यांचा. दुसरा हक्क हाडामांसाच्या वाढीचा. आणि सर्वांत शेवटचा हक्क प्रजोत्पादनाचा. पहिल्या दोन देण्यांतच जमा संपली तर तिसऱ्याच्या वांट्यास शून्य येतें, व कालवड कितीही वयाची झाली तरी माज दाखवीत नाहीं. जनावर वांझ नसतें. त्याच्या खात्यावर शिल्लक नसते.

ही शिल्लक कोणत्या महिन्यांत तुटते हें जिल्ह्यांतील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. आषाढ ते भाद्रपद गवत हिरवें व कोंवळें असतें, आणि कालवड डोळ्यांदेखत भरते. आश्विनांत गवतास तुरे येतात, कार्तिकांत तें पिवळें पडतें, आणि पौषानंतर रानांत जें उभें असतें तें पोट भरतें, अंग भरीत नाहीं. फाल्गुनापासून मृगापर्यंत पावसाळ्यांत कमावलेलें अंग कालवड हळूहळू खात असते. पुढल्या पावसाळ्यांत तेंच वजन पुन्हा भरून काढावें लागतें, आणि वर्षाच्या अखेरीस पाहावें तों पुढें सरकलेलें अंतर फारच थोडें.

या वाळल्या गवतांत कमी काय असतें? लोक म्हणतात कस नाहीं. अधिक नेमकें सांगावयाचें तर प्रथिनें नाहींत. कोंवळ्या हिरव्या गवतांत, सुक्या वजनावर धरून, शेंकडा ७ ते १० प्रथिनें असतात. उन्हाळ्यांतील वाळल्या गवतांत ३ ते ४. येथें एक गोष्ट नीट लक्षांत घेतली पाहिजे, कारण सर्व उपाय तीवरच उभा आहे. गाय गवत खाते, पण गवत स्वतः पचवीत नाहीं. तिच्या पहिल्या मोठ्या पोटांत कोट्यवधि सूक्ष्म जीव राहतात. ते काडी कुजवून तिचें अन्न करतात. चाऱ्यांत प्रथिनांचें प्रमाण शेंकडा ७ च्या खालीं गेलें कीं हे जीवच उपाशी पडतात. मग काडी पोटांत जास्त वेळ पडून राहते, पोट रिकामें होत नाहीं, आणि पुढें गवत असूनही जनावर कमी खातें. ढोल्या पोटाची, पाठीचा कणा दिसणारी कालवड उन्हाळ्यांत आपण पाहतों, ती या अर्थानें भरल्या पोटीं उपाशी असते.

यावरूनच प्रथिनांचा थोडा खुराक एवढा गुण कां देतो तें कळतें. तो केवळ स्वतःचें बळ देत नाहीं. जी काडी वाया जात होती ती पचवावयास लावतो. उलट, कोणी दया येऊन ज्वारी-मक्याचा भरडा दोन-दोन किलो घालील तर लाभ उलटा होण्याचा संभव असतो. पिष्टमय दाणा जास्त झाला कीं पोटांतील आंबटपणा वाढतो व काडी कुजविणारे जीव मंदावतात. वाळल्या चाऱ्याच्या जोडीस दाण्यापेक्षां ढेप श्रेयस्कर आहे, आणि ढेपेच्या बाबतींत आपला जिल्हा दरिद्री नाहीं. खामगांव, मलकापूर, शेगांव हे कापसाचेच गांव; तेथील सरकीची ढेप परजिल्ह्यांत जाते, आणि आपली कालवड कुटार चघळते.

प्रमाण किती, हें उदाहरणानें दाखवितों. १४० किलोची कालवड रानांतून व गव्हाणींतून मिळून सुमारें ३ किलो सुका चारा खाते असें धरा. त्यांत शेंकडा ४ प्रमाणें १२० ग्रॅम प्रथिनें आलीं. रोज ३०० ग्रॅम वाढ व्हावयाची तर तिला सुमारें ३५० ग्रॅम प्रथिनें पाहिजेत. तूट २३० ग्रॅमची. टरफलासकट काढलेल्या सरकीच्या ढेपेंत शेंकडा २२ च्या आसपास प्रथिनें असतात. म्हणजे एक किलो ढेपेंत ही तूट जवळजवळ भरून निघते. सोयाबीनची किंवा भुईमुगाची ढेप याच्या दुप्पट सकस असल्यामुळें अर्धा किलो पुरते. तूर-हरभऱ्याची चुनी घरची असेल तर तिचें प्रमाण दीड किलोपर्यंत न्यावें लागेल. ज्यांच्याकडे तुरीचें किंवा हरभऱ्याचें कुटार आहे त्यांनीं तें बैलांच्या गंजींत मिसळून न टाकतां कालवडीकरितां वेगळें ठेवावें. गव्हांड्यापेक्षां तें बरेंच सकस असतें. शेवरी, सुबाभूळ बांधावर असेल तर रोज एक-दोन किलो पाला द्यावा. वाळल्या चाऱ्यांत जें 'अ' जीवनसत्त्व उरत नाहीं तें या हिरव्या पाल्यांतून मिळतें, व गर्भधारणेस त्याची गरज असते. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नको. त्यांत एक विषारी अंश असतो, आणि फार झाल्यास केंस झडतात.

रोज ढेप घालण्यास माणूस मोकळा नसतो अशी अडचण कित्येक सांगतात. ढेपेपुरती एक सवलत आहे: एक दिवसाआड दुप्पट घातली तरी गुण जवळजवळ तेवढाच येतो. दाण्याच्या व यूरियाच्या बाबतींत मात्र असें कदापि करूं नये.

यूरियाचें नांव निघालें म्हणून सांगतों. ज्यांस ढेप परवडत नाहीं त्यांनीं गव्हांडा किंवा कुटार यूरियानें मुरवून घ्यावें. १०० किलो वाळल्या चाऱ्यास ४ किलो यूरिया ५० ते ६० लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडावा, पायांनीं दाबावें, आणि प्लास्टिकखालीं हवा न लागेल असें तीन आठवडे झांकून ठेवावें. उघडल्यावर उग्र वास येतो. घांस घालण्यापूर्वीं तासभर पसरून ठेवला कीं जातो. हा चारा सहा महिन्यांखालील वासरांस देऊं नये. यूरियाचें पाणी नुसतें कोठें सांडलेलें वा टोपल्यांत उरलेलें राहिलें आणि जनावरानें तें प्यालें तर तें हातचें जातें. म्हणून हें काम पोरांवर सोंपवूं नये.

आतां आमच्या जिल्ह्याची एक खास बाब. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर नांदुरा, शेगांव, संग्रामपूर, जळगांव-जामोद इकडील पुष्कळ गांवें खारपाणपट्ट्यांत येतात. विहिरीचें पाणीच खारें. पठारावरील शेतकऱ्यानें कालवडीला रोज २० ते ३० ग्रॅम मीठ द्यावें हें योग्य. पण हीच शिफारस खारपाणपट्ट्यांत डोळे मिटून चालवूं नये. तेथें मीठ पाण्यांतून आधींच पोटांत जातें, आणि फार खाऱ्या पाण्यानें जनावर पाणीही कमी पितें व चाराही कमी खातें. नळाचें किंवा पावसाचें साठविलेलें गोडें पाणी निदान एक वेळ तिला मिळावें. मात्र मिठाची गरज नाहीं म्हणजे खनिजांची गरज नाहीं असें नव्हे. वाळल्या चाऱ्यांत स्फुरद फार थोडा असतो, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत जस्ताची उणीव सर्वश्रुत आहे. हाडकें चघळणारी, चिंध्या खाणारी, भिंत चाटणारी कालवड बहुधा स्फुरदाच्याच तुटीनें तसें करते. स्फुरद कमी पडला कीं माजही लांबतो. त्यांस रोज २५ ते ३० ग्रॅम खनिज मिश्रण ढेपेंत कालवून द्यावें, आणि खारपाणपट्ट्यांत बिनमिठाचें मागून घ्यावें. गव्हाच्या कोंड्यांत स्फुरद चांगला असतो, हेंही ध्यानांत असावें.

खुराक सुरू करण्यापूर्वीं एकदां जंताचें औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्यानें द्यावें, पावसाळ्याच्या तोंडीं व शेवटीं पुन्हा द्यावें. जंत पोसण्याकरितां ढेप विकत आणण्यांत अर्थ नाहीं. आणखी एक गोष्ट क्षुल्लक दिसते पण सर्व मेहनत वाया घालविते: कालवडीस मोठ्या गुरांच्या रांगेंत एका गव्हाणीवर बांधणें. तिच्या नांवानें घातलेली ढेप शेजारची गाय खाते आणि धनी म्हणतो, खुराक लागू पडत नाहीं. ढेप संपेपर्यंत अर्धा तास तरी तिला वेगळें बांधावें.

वजन कसें समजावें? काटा गांवांत कोठें असणार. पण एक फीत पुरते. पुढच्या पायांच्या लगत मागून छातीचा घेर इंचांत घ्यावा. खांद्याच्या टोंकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचांत घ्यावी. घेरास घेरानें गुणावें, त्यास लांबीनें गुणावें, आणि ६६० नीं भागावें. किलोंत वजन येतें. घेर ४७ व लांबी ३९ असेल तर वजन सुमारें १३० किलो. घेर ५२ व लांबी ४३ झाली म्हणजे १७६ किलो, आणि गांवठी कालवड तयार झाली. हें माप महिन्याच्या एका ठरलेल्या तिथीस, सकाळीं चरावयास सोडण्यापूर्वीं घ्यावें व वहींत लिहावें. आंकडा थोडा चुकला तरी हरकत नाहीं. तो पुढें सरकतो आहे कीं थबकला आहे एवढें कळलें तरी काम झालें.

आतां कालमान. कालवड कोणत्या महिन्यांत फळवावी याचा विचार ती कोणत्या महिन्यांत व्यावी येथून सुरू करावा. गर्भकाळ सुमारें २८० ते २८५ दिवसांचा. आषाढांत फळविली तर ती चैत्र-वैशाखांत विणार. म्हणजे ज्या वेळीं पाणी नाहीं, चारा नाहीं, ऊन ४२-४३ अंश, त्या वेळीं तिला दूधही द्यावयाचें व स्वतःची वाढही पुरी करावयाची. अशी पहिलारू पुढें वर्ष-दीड वर्ष माजावर येत नाहीं. तीच आश्विनाच्या अखेरीस वा कार्तिकांत फळली तर श्रावणाच्या सुमारास विते. पुढें कोंवळें गवत, ओली माती, पाण्याची ददात नाहीं. पावसांत गोठा कोरडा ठेवावा लागतो हा त्रास आहे, पण तो सोसवण्यासारखा आहे. सूर्य सिंह राशीस असतां गाय व्याली तर अशुभ, असें कांहीं घरांत मानतात. त्यांच्याशीं वाद न घालतां एवढेंच सांगतों कीं, ७ नोव्हेंबरच्या आंत फळलेली कालवड साधारणपणें १७ ऑगस्टच्या आंत विते, व सिंहसंक्रांत त्याच सुमारास असते.

यावरून खुराकाचे दोन काळ ठरतात. पहिला माघापासून ज्येष्ठापर्यंतचा, सुमारें साडेचार महिने. या काळीं ढेप पाऊण किलो पुरे. हेतु फार वाढविण्याचा नसून पावसाळ्यांत कमावलेलें हातचें जाऊं न देण्याचा व रोज दीडशें-दोनशें ग्रॅम पुढें सरकण्याचा आहे. नंतर तीन महिने हिरव्या गवतावर सोडावें, खनिजें तेवढीं चालू ठेवावीं. दुसरा काळ आश्विनाच्या आरंभापासून फळेपर्यंत, सहा-सात आठवडे, रोज एक किलो. गवत पिकतांना जो खड्डा पडतो तो याच वेळीं, आणि नेमकी हीच वेळ माजाची. अंग चढत असतां फळविलेली कालवड उतरत्या अंगाच्या कालवडीपेक्षां लवकर गाभण राहते, मग दोघींचें वजन सारखें कां असेना. कित्येक जण पहिला काळ सोडून शेवटच्या पंधरवड्यांत ढेपेचा मारा करतात. त्यानें कातडी चकाकते. पण दीड वर्षाची तूट पंधरा दिवसांत भरून निघत नाहीं. दुसऱ्या टोंकाचे लोक थोडे, पण आहेत. लाडक्या संकरित कालवडीला इतकें चारतात कीं तिच्या कासेंत दुधाच्या ग्रंथींच्या जागीं चरबी बसते. शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसट दिसाव्यात, फार ठळक नव्हेत आणि अगदीं झांकलेल्याही नव्हेत.

समजा, श्रावणांत जन्मलेली कालवड माघांत अठरा महिन्यांची झाली व १३० किलो भरली. वरील क्रमानें गेल्यास ज्येष्ठअखेर ती १५० च्या पुढें व भाद्रपदअखेर १७५ च्या आसपास जाते, कार्तिकांत फळते आणि तीन वर्षांची होतां होतां पहिलें वासरूं देते. ढेप लागली, माघ ते ज्येष्ठ सुमारें एक क्विंटल व आश्विन-कार्तिकांत अर्धा. मिळून दीड क्विंटल. हा खुराक न देणाऱ्याची कालवड कार्तिकांत १५० वरच थांबते व तो हंगाम चुकतो. मग तिला आणखी एक वर्ष पोसावयाचें: रोज ४ किलो धरले तरी ३६५ दिवसांचा चारा साडेचौदा क्विंटल, शिवाय गुराख्याची चराई, शिवाय एक वासरूं बुडालें तें निराळें. भाव दर हंगामास बदलतात, म्हणून रुपये न मांडतां क्विंटलच मांडले आहेत; ज्यानें त्यानें आपल्या बाजारचा दर लावून पाहावा. भाकड म्हणून विकतां येईल हाही आधार आतां पूर्वीसारखा राहिलेला नाहीं. जें जनावर दाव्यास आहे त्याचा भार धन्यावरच आहे.

माजाकडे लक्ष ठेवणें हें घरच्या माणसाचें काम. माज सुमारें २१ दिवसांनीं फिरून येतो आणि आपल्या गुरांत तो दहा-बारा तासांतच सरतो. शिवाय कित्येकींचा माज मुका असतो. पहांटे व सूर्यास्तानंतर गोठ्यांत फेरी घालावी. हंबरणें, चारा सोडणें, दुसरीवर चढणें, किंवा काचेसारखा स्वच्छ चिकट स्राव दिसणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर तिथि लिहून ठेवावी. सकाळीं दिसला तर त्याच सायंकाळीं, सायंकाळीं दिसला तर दुसऱ्या सकाळीं फळवावी. कृत्रिम रेतन करवितांना पहिल्या खेपेस लहान हाडाच्या जातीच्या वळूचें रेत मागावें. गांवठी कालवडीस थोराड विलायती वळूचें रेत भरल्यानें वासरूं अडतें, आणि दूध वाढविण्याच्या नादांत गाय व वासरूं दोन्ही गमावल्याचीं उदाहरणें तालुक्या-तालुक्यांत आहेत.

फळल्यावर दुसऱ्या दिवसापासून ढेप एकदम बंद करूं नये. पुढील दीड महिना निदान अर्धा किलो चालू ठेवावी, कारण गर्भ टिकण्याची ही नाजूक वेळ असते. एकविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं माज परत दिसतो काय तें पाहावें, आणि नव्वद दिवसांनीं पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावें. दोन वेळां फळवूनही न राहिलेली कालवड खुराक वाढवून तशीच ठेवूं नये. तिच्या गर्भाशयाची तपासणी आधीं करवावी, कारण तेथें दोष असेल तर ढेपेनें तो जाणार नाहीं.